आपल्या तळ्याचा आणि कासवांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहायचा ठरला, तेव्हा समितीने विषय वाटून दिले. इमारत आणि बिल्डरशी झालेला झगडा एकाने घेतला, पाण्याच्या टाक्या आणि टँकरचे दिवस दुसऱ्याने, गणेशोत्सव महिला मंडळाने. माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही, म्हणून मी तळं मागून घेतलं. एक-दोघे हसले. "तळ्याला कसला इतिहास, साहेब?" असंही झालं. पण बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय असते. जिथे व्हाउचर आहे तिथे इतिहास आहे, असं तो मानतो. तळ्याची व्हाउचरं आपल्या ऑफिसच्या कपाटात तीन फायली भरून आहेत. त्या फायली, सभांची इतिवृत्तं आणि वॉचमनच्या केबिनमधली निळ्या पुठ्ठ्याची वही, एवढ्या साधनांवर हा लेख उभा आहे. बाकी आठवणी माझ्या. चूकभूल द्यावी घ्यावी.

तळं कसं झालं

सोसायटीची नोंदणी २००० सालची. तेव्हा ए विंगसमोर, आज बाग आहे तिथे, बिल्डरने बांधकामासाठी पाणी साठवायला केलेला सिमेंटचा हौद होता. इमारत पूर्ण झाली, बिल्डर गेला, हौद राहिला. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्यात डास झाले आणि दुसऱ्या वर्षी तीन घरांत मलेरिया निघाला. हौद बुजवायचा ठराव २००३ च्या वार्षिक सभेत आला. बुजवायला भराव, मजुरी धरून जो खर्च सांगितला गेला, त्यापेक्षा थोड्या कमी पैशात हौदाचं तळं करता येईल, असं आपल्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी कागदावर मांडून दाखवलं. पुणेकराला कमी खर्चाचा पर्याय दाखवला की बहुमत व्हायला वेळ लागत नाही. ठराव मंजूर झाला.

काठाला शहाबादी फरशी लागली, मधोमध एक खडक ठेवला, कडेला कर्दळ लावली. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट, पाणी दीड फूट. महापालिकेच्या हिवताप विभागाकडून गप्पी मासे आणून सोडले. त्यांनी डासांच्या अळ्या खाल्ल्या आणि मलेरिया गेला. चार वर्षं तळ्यात गप्पी मासे आणि कर्दळीची गळलेली पानं, एवढाच संसार होता.

कासवं कशी आली

२००७ च्या मे महिन्यातली नोंद इतिवृत्तात नाही, पण मला पक्की आठवते. बी विंगमधलं एक कुटुंब नोकरीनिमित्त बंगळूरला निघालं. मुलाच्या वाढदिवसाला घेतलेली दोन कासवं त्यांच्याकडे काचेच्या पेटीत होती. घेतली तेव्हा रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी होती, आता तळहाताएवढी झाली होती. पेटी गाडीत नेणार कशी? वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, तळ्यात सोडू का?" मी तेव्हा नुकताच खजिनदार झालो होतो. खर्चाचा प्रश्न नव्हता, म्हणून मी हो म्हणालो. पुढे अठरा वर्षं जो खर्च झाला, त्याची सुरुवात या एका होकाराने झाली.

एका घरची कासवं तळ्यात गेली म्हटल्यावर बाकीच्यांचीही जायला लागली. कुणी वास्तुशास्त्रात सांगितलं म्हणून आणलेलं, कुणी मुलाने हट्ट केला म्हणून. २०१२ पर्यंत सहा झाली. मुलांनी नावंही ठेवली : बंड्या, ठकी, शेरू, मोती, डबू आणि पाटलीण. पाटलीण सगळ्यांत मोठी, पाठ जवळजवळ दहा इंच. नर कोणता आणि मादी कोणती, हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली. या जातीत मादी आकाराने मोठी असते आणि नराच्या पुढच्या पायांची नखं लांब असतात. शेरू मादी निघाली.

ही सगळी एकाच जातीची. डोळ्यांमागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा. इंग्रजीत यांना रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. लाल पट्टा कानाच्या जागी, म्हणून रेड इअर्ड, आणि चाहूल लागताच खडकावरून पाण्यात घसरतात, म्हणून स्लायडर. आमच्या तळ्यावर कुणी चप्पल वाजवली की सहाच्या सहा टपाटप पाण्यात.

यांचं मूळ गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचं खोरं. तिथून ती पुण्याच्या दुकानात कशी पोहोचली, हा एक वेगळाच व्यवहार आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर छोट्या मालाच्या दुकानांत ही पिल्लं नाममात्र किमतीत मिळत. सोबत एक प्लास्टिकचं भांडं आणि प्लास्टिकचंच ताडाचं झाड. लुइझियाना राज्यात कासवांची शेतं होती, तिथे अंडी उबवून पिल्लं तयार व्हायची. पुढे लक्षात आलं, की लहान मुलं ही पिल्लं तोंडाजवळ नेतात आणि त्यातून साल्मोनेला नावाच्या जंतूची बाधा होते, जुलाब-ताप येतो. १९७५ मध्ये अमेरिकन सरकारने चार इंचांपेक्षा लहान पाठीचं कासव विकायला बंदी घातली. पण परदेशी पाठवायला वाट मोकळी होती. घरी खपत नाही तो माल बाहेर गेला. युरोपात गेला, आशियात आला. १९८४ मध्ये निन्जा टर्टल्सचं कॉमिक आलं, १९८७ मध्ये त्याचं कार्टून टीव्हीवर आलं आणि जगभरच्या मुलांना कासव हवंसं झालं. नंतर तीच कासवं मोठी होऊन तळ्यांत, नद्यांत सोडली जाऊ लागली, तेव्हा युरोपीय संघाने १९९७ मध्ये यांची आयात बंद केली.

आपल्याकडे यांची विक्री वाढायला आणखी एक कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपली देशी कासवं घरात पाळता येत नाहीत. परदेशी प्राण्यांना तो कायदा तेव्हा लागू होत नव्हता. म्हणून दुकानदार अमेरिकन पिल्लं उघड्यावर विकत असे आणि आपण भोळेपणाने समजत असू, की कासव म्हणजे कासव.

शब्द एक, प्राणी अनेक

आपल्या भाषेत जमिनीवरचं, नदीतलं आणि समुद्रातलं, तिघांनाही कासवच म्हणतात. शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं, त्याला आपण नमस्कार करतो. कूर्मावतार आपल्याला माहीत असतो, ससा-कासवाची गोष्ट पाठ असते. पण कुठलं कासव पाण्यात पोहतं आणि कुठलं पाण्यात टाकलं तर बुडून मरतं, हे शंभरातल्या पाचांनाही सांगता येणार नाही. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव कोरड्या माळरानावरचं आहे. ते कुणी हौसेने तळ्यात सोडलं तर जगत नाही.

पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट मला या वाचनात सापडली. दख्खनच्या नद्यांत मऊ पाठीचं एक मोठं कासव आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबई इलाख्यातले डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. ज्या नमुन्यावरून ते वर्णन केलं, त्याचं ठिकाण दिलं आहे 'पूना'. म्हणजे ही जात शास्त्राच्या वहीत नोंदली गेली ती आपल्या गावच्या पत्त्यावर! आज ती नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींच्या यादीत आहे. मुळा-मुठेची अवस्था आपण रोज पुलावरून बघतोच.

पहिली थंडी

आता मुख्य विषयाकडे येतो. २००७ च्या डिसेंबरात कासवांनी खाणं सोडलं. खडकावर यायची बंद झाली. तळाशी बसून राहायची, काठीने ढोसलं तरी हलायची नाहीत. दोन दिवसांनी ए विंगमधल्या एका आजींनी, त्यांना गारठा सोसत नाही म्हणून, बंबातलं कढत पाणी बादलीभर तळ्यात ओतलं. हेतू चांगला होता. नशिबाने बादली तळ्याच्या मानाने लहान होती, कासवांना काही झालं नाही. गप्पी मासे मात्र मेले.

मग सल्ले सुरू झाले. इतिवृत्तात 'कासवांना ऊब देणे' हा विषय २००८ ते २०११ या चार वर्षांत सहा वेळा आला आहे. लिफ्टचा विषय त्याच काळात पाच वेळा आला आहे.

पहिला उपाय म्हणजे खडकावर शंभर वॅटचा पिवळा बल्ब. तो लावला, पण उघड्यावर, पाण्याजवळ, मुलं खेळतात तिथे वायर. आपल्या सोसायटीतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर काकांनी सभेत उभं राहून बजावलं, की गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय हा बल्ब पेटवायचा नाही. त्यांचं बरोबर होतं. स्विच बसला. पण बल्बची ऊब खडकावर पडते, पाण्यावर नाही. कासव रात्री पाण्यात असतं. मग दिवा कुणासाठी?

दुसरा उपाय, मत्स्यपेटीत वापरतात तो दोनशे वॅटचा हीटर. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तळ्यात पाणी अंदाजे चार हजार लिटर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे सगळं तळं एक अंशाने तापवायला चार हजार. विजेच्या एका युनिटमधून मिळतात ८६०. दोनशे वॅटचा हीटर चोवीस तास चालवला तर ४.८ युनिट जळतात, म्हणजे ४,१२८ किलोकॅलरी. थोडक्यात, दिवसरात्र हीटर चालवून तळं एक अंशाने तापणार, तेही वाऱ्याने आणि वाफेने काहीच ऊब जात नाही असं धरलं तर. प्रत्यक्षात एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट जाते. हीटरचा प्रस्ताव मी या हिशेबावर फेटाळून लावला. तो हिशेब आजही बरोबर आहे. पण त्या हिशेबाने माझ्या मनात जी एक घमेंड बसली, ती पुढे नडली.

अमेरिकेत बर्फात जगतात, मग इथे काय?

दर वर्षी सभेत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कासवाला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. बाहेरचं तापमान तेच त्याचं. ऊन खाल्लं की अंग तापतं, अन्न पचतं, हालचाल होते. गारठलं की सगळं मंदावतं. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर आपली कासवं खुशीत असतात. पंधराच्या खाली खाणं सोडतात. दहाच्या खाली निपचित पडतात.

मिसिसिपीच्या खोऱ्यात उत्तरेकडे हिवाळ्यात पाणी गोठतं हे खरं. पण तिथे थंडी हळूहळू येते. ऑक्टोबरपासून पाणी निवत जातं, कासव खाणं बंद करतं, पोट रिकामं होतं, मग ते खोल पाण्यात तळाशी जाऊन बसतं. पाण्याचा एक गुण आहे. चार अंशांना ते सगळ्यांत जड असतं, म्हणून वर बर्फ झाला तरी तळाशी चार अंशांच्या आसपास राहतं. कासवाचं हृदय अगदी मंद चालतं, पाण्यातला थोडाफार प्राणवायू ते कातडीतून घेतं आणि महिनोन्महिने तसंच राहतं. तिथली झोप सलग असते.

पुण्याची थंडी तशी नाही. पहाटे नऊ अंश, दुपारी एकोणतीस. दुपारच्या उन्हात कासव जागं होतं, खडकावर येतं, मुलं पाव-बिस्किट टाकतात ते खातं. रात्री पाणी निवतं आणि पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच कुजतं. झोप नाही आणि जागही नाही. त्यात तळं उथळ. दीड फूट पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं. खोल पाण्यातल्या कासवाला तळाशी आसरा असतो, उथळ तळ्यातल्या कासवाला पळायला जागाच नसते. असा दिवस-रात्र हेलकावा बसला की त्याला फुप्फुसाचा विकार होतो. मग ते पाण्यात एका बाजूला कलंडून तरंगतं, नाकाशी बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतं.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री होऊन गेले. त्यांच्या मावशी-आत्यांपैकी एकीकडे टिमथी नावाचं जमिनीवरचं कासव होतं. ती गेल्यावर १७८० मध्ये व्हाइटनी ते आपल्या गावी, सेलबोर्नला आणलं. ते नोव्हेंबरात जमीन उकरून आत जायचं आणि एप्रिलच्या मध्याला बाहेर यायचं. व्हाइट वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवत. टिमथीही पुढे मादीच निघाली, आपल्या शेरूसारखी. तिचं कवच लंडनच्या संग्रहालयात आहे. हे वाचल्यावर मला आपली निळी वही आठवली. पण ती वही आम्ही व्हाइट वाचून सुरू केली नाही. ती सुरू व्हायला दोन कासवं मरावी लागली.

२०१८

हा भाग लिहावा की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला. स्मरणिकेत गोड लिहावं अशी रीत आहे. पण इतिहास म्हटल्यावर ताळेबंदाच्या दोन्ही बाजू आल्या.

२०१४ च्या पावसाळ्यात तळं भरून वाहिलं आणि मोती नाहीसा झाला. राहिली पाच. त्या पाचांनी काही थंड्या बऱ्या काढल्या, म्हणून आमचाही धीर वाढला. २०१८ च्या पावसाळ्यानंतर तळ्याच्या तळाला भेग पडली आणि पाणी झिरपू लागलं. नोव्हेंबरात पाणी दीड फुटावरून नऊ इंचांवर आलं. माळीकाकांनी दोन वेळा सांगितलं. गवंड्याने दुरुस्तीचे साडेचौदा हजार सांगितले. रात्री झाकायला बांबूची चौकट आणि प्लास्टिकचा कागद, त्याचे बावीसशे वेगळे. दोन्ही अंदाजपत्रकं माझ्या टेबलावर आली. त्या वर्षी रंगकामाचा खर्च झाला होता, शिल्लक कमी होती. मी दोन्हींवर पेन्सिलने लिहिलं, 'मार्चनंतर पाहू'. ते कागद फाइलमध्ये आजही आहेत. अक्षर माझं आहे.

साडेचौदा हजारांना थांबवलं, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. पण बावीसशे रुपयांचं झाकण मी का थांबवलं? कारण हीटरच्या हिशेबापासून माझं मत झालं होतं, की ऊब देण्याच्या सगळ्या कल्पना म्हणजे पैशाची नासाडी. हीटर ऊब घालतो आणि झाकण असलेली ऊब जाऊ देत नाही, हा फरक मी केलाच नाही. निरभ्र रात्री पाण्याची ऊब वर आकाशाकडे आणि वाफेतून निघून जाते. ती अडवायला वीज लागत नाही, कागद पुरतो. पिकावर गारठा पडू नये म्हणून शेतकरी आच्छादन घालतो, ते हेच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नवी ठेव आणणं आणि असलेली गळती थांबवणं यांतला फरक मला शिकवायची गरज नव्हती.

त्या डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात पारा सहा अंशांच्याही खाली गेला. कित्येक वर्षांत अशी थंडी पडली नव्हती. नऊ इंच पाण्यात पाच कासवं. नाताळाच्या सुमारास डबू कलंडून तरंगायला लागला. ठकी दोन दिवसांनी. प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी इंजेक्शनं दिली, पण म्हणाले, उशीर झाला आहे. डबू तीस तारखेला गेला, ठकी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मी रोज सकाळी सहाला फिरायला जातो, तळ्यावरूनच जातो. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ठकी सी विंगमधल्या एका मुलीची. तेव्हा ती नववीत होती. कर्दळीच्या मागे खड्डा केला, माळीकाकांनी माती लोटली. ती रडली नाही. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर रोज बघत होतात ना?"

आपल्या संतवाङ्मयात एक समजूत येते, की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या प्रेमळ नजरेने त्यांचं पोषण करते. लहानपणी कीर्तनात मी हे पुष्कळदा ऐकलं होतं. शास्त्र वेगळं सांगतं. कासवी वाळूत-मातीत अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं मातीच्या उबेवर. पिल्लू नर होणार की मादी, हेही या जातीत ऊबच ठरवते. गार मातीत नर, उबदार मातीत मादी. दृष्टान्त म्हणून ती समजूत सुंदर आहे. पण नुसत्या नजरेने कुणाचं पोषण होत नाही, हे मला त्या मुलीने सांगितलं. मी बघतच होतो.

त्यानंतर

फेब्रुवारी २०१९ च्या विशेष सभेत मी ही सगळी हकिगत मांडली आणि खजिनदारपद सोडलं. सभेने राजीनामा स्वीकारला आणि त्याच सभेत तळ्याचं काम माझ्यावरच सोपवलं. सहकार म्हणतात तो हाच असावा.

तेव्हापासून जे केलं ते पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. तळ्याची एक बाजू खोदून साडेतीन फूट खोल केली. त्या बाजूला तळाशी पालापाचोळा आणि दोन आडव्या कौलांचा आसरा आहे. दक्षिणेकडच्या गुलमोहोराच्या दोन फांद्या परवानगी काढून छाटल्या, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी नऊपासून खडकावर ऊन येतं. ऊन काचेतून किंवा प्लास्टिकमधून चालत नाही, अंगावर थेट लागतं, कवच त्यानेच धड राहतं. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी साडेपाचला चौकट टाकायची, सकाळी आठला काढायची. एका कोपऱ्यात वीतभर फट हवेसाठी ठेवायची, कारण कासव श्वास घ्यायला वर येतं. बल्ब कायमचा काढून टाकला. पाण्यात थर्मामीटर आहे. सकाळचं तापमान वॉचमन निळ्या वहीत लिहितो. सकाळी पंधराच्या खाली गेलं की खाणं पूर्ण बंद, पाटी लावायची. मुलांनी कितीही गयावया केली तरी एक बिस्किटही टाकायचं नाही. उपाशी कासव काही आठवडे सहज काढतं. भरल्या पोटी गारठलेलं काढत नाही. आणि कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, बारा महिने.

वही सांगते, की बाहेर पहाटे दहा अंश असताना झाकलेल्या तळ्याच्या खोल बाजूला सोळा-सतरा राहतात. एकूण खर्च बांबू आणि कागदाचा, दर दोन वर्षांनी. विजेचं बिल शून्य. २०१९ पासून एकही कासव आजारी पडलेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत माळीकाका येऊ शकले नाहीत, तेव्हा बी आणि सी विंगच्या मुलांनी पाळी लावून पाणी बदललं. त्या महिन्यांतली वहीतली अक्षरं निरनिराळी आहेत, बघण्यासारखी आहेत.

पुढे काय

बंड्या, शेरू आणि पाटलीण, तिघं आहेत. ही जात तीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगते. ज्या मुलांनी त्यांना आणलं, ती आता पुण्यात नाहीत. मी पंच्याहत्तरीच्या घरात आहे. हिशेब सरळ आहे. पाटलीण माझ्यानंतरही असणार.

दर वर्षी एखादा नवा सभासद सुचवतो, "काका, नदीत सोडून द्या, पुण्य लागेल." हात जोडून सांगतो, हे करू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आपल्या या गरीब दिसणाऱ्या कासवाचं नाव आहे. ते देशी कासवांचं अन्न खातं, ऊन खायच्या जागा बळकावतं, रोग पसरवू शकतं. केरळात त्रिशूरजवळ कालव्यात, गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडलं आहे. ते तिथे आपसूक उगवलेलं नाही, कुणीतरी पुण्य लागेल म्हणूनच सोडलं असणार. जपानने जून २०२३ पासून यांची विक्री आणि यांना मोकळं सोडणं, दोन्हींवर बंदी घातली. ज्या नदीच्या गावावरून १८७२ मध्ये एका कासवाचं वर्णन झालं, त्या नदीत आपण अमेरिकन कासव सोडायचं, हे मला पटत नाही. मोती वाहून गेला त्याची रुखरुख मला दोन्हीकडून आहे. तो जगला नसेल याची, आणि जगला असेल याचीही.

देशी कासव सापडलं तर ते तळ्यात आणू नका. २०१९ च्या पावसाळ्यात वॉचमनला गेटबाहेर रस्त्यावर चिखलातलं एक कासव सापडलं, पोटाखाली पाय झाकणाऱ्या झडपा असलेलं. आपण वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं आणि ते त्यांच्या ताब्यात दिलं. तेच योग्य. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचीही तरतूद आली. आपल्या सोसायटीचा ठराव त्याहून साधा आहे : आहेत ती शेवटपर्यंत सांभाळायची, नवीन एकही आणायचं नाही.

या लेखाच्या शेवटी एक अर्ज करतो. संध्याकाळी साडेपाचला चौकट टाकायला दोन माणसं लागतात. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. गेल्या हिवाळ्यात ए विंगमधले दोन शाळकरी भाऊ आपणहून यायला लागले. त्यांच्याबरोबर आणखी चौघं हवीत, म्हणजे पाळी लावता येईल. निळी वही केबिनमध्ये आहे, थर्मामीटर दोरीला बांधलेला आहे. नाव नोंदवायचं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. यंदाची दिवाळी जवळ आली आहे.